एंजिनाचा श्वास
समुद्रावरील यंत्रास हवा व थंडावा कसा मिळतो?

मुंबईच्या ससून गोदीपासून खालीं मालवणपर्यंत कोणत्याही बंदरावर गेलें, तरी लहान होड्यांच्या पिछाडीस बाहेरच्या अंगानें टांगलेलें एक एंजिन हटकून दृष्टीस पडतें. वर टोप घातलेलें मस्तक, मध्यें सडपातळ धड आणि खालीं पाण्यांत बुडालेला पंखा, अशी त्याची आकृति असते. होडीच्या पोटांतील जागा न अडवितां तें बाहेर राहतें, म्हणून इंग्रजींत त्यास ‘आउटबोर्ड’ असें नांव पडलें. या आटोपशीर यंत्राच्या टोपाखालीं एक झगडा अखंड चालूं असतो, आणि त्याची कल्पना पुष्कळांस नसते. एंजिनास भरपूर श्वास लागतो. तो श्वास थंड आणि कोरडा असावा लागतो. परंतु त्याचें वास्तव्य मात्र अशा ठिकाणीं, कीं जेथें वरून ऊन, खालून तुषार आणि चोहोंकडे मीठ. ही तिहेरी अडचण विद्वान् यंत्रज्ञांनीं कशी सोडविली, आणि कोठें ती अद्याप सुटलेली नाहीं, हें पाहणें मोठें मनोरंजक आहे.

दीड अश्वशक्तीपासून सहाशेंपर्यंत

हें यंत्र लोकप्रिय करण्याचें श्रेय ओल एव्हिनरूड या गृहस्थाकडे जातें. १८७७ मध्यें नॉर्वे देशांत जन्मलेला हा मुलगा बालपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंत आला व पुढें मिलवॉकी शहरीं यंत्रें घडवूं लागला. आपल्या वाग्दत्त वधूसाठीं सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणण्यास तो होडी वल्हवीत गेला, आणि परत येईपर्यंत तें वितळून गेलें. त्या हिरमोडींतून ही कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. १९०९ मध्यें त्यानें विक्रीस काढलेलें यंत्र दीड अश्वशक्तीचें आणि ६२ पौंड वजनाचें होतें. त्या वधूनें, बेस हिनें, पुढें धंद्याचा पत्रव्यवहार व हिशेब सांभाळला. कारखाना जो नांवारूपास आला त्यांत तिचा वांटा लहान नव्हता.

दीड अश्वशक्तीच्या यंत्रास श्वासाची चिंता फारशी नसते. परंतु २०२१ मध्यें अमेरिकेंतील मर्क्युरी कारखान्यानें बारा नळकांड्यांचें, ६०० अश्वशक्तीचें आउटबोर्ड बाजारांत आणलें. दीडापासून सहाशेंपर्यंतच्या या वाटचालींत मुख्य प्रश्न कोणता होता, असें विचारल्यास उत्तर एकच येईल: हवा.

श्वासाचा हिशेब

एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. घनफळाच्या भाषेंत सांगावयाचें, तर एक लिटर पेट्रोलास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा पाहिजे. ३०० अश्वशक्तीचें आउटबोर्ड पूर्ण वेगानें चालवल्यास तासास सुमारें शंभर लिटर पेट्रोल पितें. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली तें दोन मिनिटांच्या आंत रिकामी करतें! इंधन वाढवणें सोपें आहे; एक लहानशी नळी तें काम करते. त्याच्या जोडीस एवढी हवा आणावयाची कोठून, येथें खरी मेख आहे.

ज्यांच्या घरीं चूल पेटत असे, त्यांस हें वेगळें सांगणें नको. चुलींत लाकडें कोंबलीं म्हणजे जाळ होत नाहीं, धूरच होतो. जाळ पाहिजे असल्यास दोनच उपाय: एक तर चूल मोठी व मोकळी बांधावी, नाहीं तर फुंकणी हातीं घ्यावी. एंजिनाचेंही असेंच आहे. नळकांडीं मोठीं करावीं म्हणजे तें आपोआप जास्त हवा ओढतें. अथवा नळकांडीं लहानच ठेवून हवा त्यांत दाबानें भरावी.

धुराची फुंकणी

या फुंकणीचा सर्वांत चतुर प्रकार स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गांवच्या आल्फ्रेड ब्यूखी या यंत्रज्ञास सुचला. १९०५ मध्यें त्यानें त्याचें पेटंट घेतलें. एंजिनांतून बाहेर पडणारा धूर तापलेला व वेगवान असतो, आणि ती सारी शक्ति वाऱ्यावर जाते. त्या झोतांत एक पातेदार चक्र धरावें, त्याच आंसावर दुसरें चक्र बसवावें, आणि या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून नळकांड्यांत लोटावी, अशी ही युक्ति. आज आपण तिला टर्बोचार्जर म्हणतों. कल्पना सुचून ती फळास येण्यास वीस वर्षें लागलीं. १९२५ मध्यें ब्यूखीला डिझेल एंजिनावर यश आलें, आणि १९२६ मध्यें पाण्यांत उतरलेल्या ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन उतारू जहाजांवर ही योजना बसविण्यांत आली. प्रत्येक एंजिनाची शक्ति १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. टाकाऊ धुरानें शक्तींत शेंकडा चाळीसांहून अधिक भर घातली!

फुंकणीचा दुसरा प्रकार सुपरचार्जर. त्याचें चक्र धुरावर न फिरतां एंजिनाच्याच शक्तीवर, बहुधा पट्ट्यानें, फिरतें. तो तत्काळ हवा देतो, परंतु मालकाच्याच ताटांतलें जेवून मग काम करतो.

दाबाबरोबर येणारी उष्णता

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी हातास गरम लागते, हा अनुभव घरांतील मुलांसही असतो. हवा दाबली कीं ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणजे ज्या हेतूनें आपण ती दाबली, त्या हेतूचाच अंशतः नाश होतो. ३० अंश उष्णमानाची हवा वातावरणाच्या १.७ पट दाबापर्यंत नेली, तर चांगल्या फुंकणींतूनही ती सुमारें १०० अंशांवर बाहेर पडते. अशा वेळीं नळकांड्यांत शिरणारी हवा १.७ पट न भरतां सुमारें १.४ पटच भरते. तीच हवा मध्यें ४५ अंशांपर्यंत निववली, तर भरणा १.६ पट होतो. शिवाय तापलेल्या हवेनें पेट्रोल अवेळीं पेटतें व दट्ट्यावर हातोड्यासारखे ठोके बसतात. म्हणून फुंकणी आणि नळकांडें यांच्यामध्यें इंटरकूलर नांवाचें शीतक बसवितात. त्याच्या नळ्यांच्या एका बाजूनें पाणी व दुसऱ्या बाजूनें हवा जाते, आणि हवेची उष्णता पाणी वाहून नेतें.

मोटारीस या कामीं वाऱ्यावर अवलंबून राहावें लागतें. होडीस तर सबंध समुद्रच हाताशीं आहे. मग अडचण कसली? अडचणी आहेत, आणि त्या एकांतून एक निघतात.

टोपाखालची कोंडी

पहिली अडचण टोपाची. मोटारीच्या एंजिनावरून वारा खेळतो. आउटबोर्डचें एंजिन पेटींत कोंडलेलें असतें. आंतलीच तापलेली हवा त्यानें ओढली, तर दर तीन अंशांच्या वाढीस भरणा सुमारें शेंकडा एकानें घटतो. म्हणून बाहेरची ताजी हवा स्वतंत्र मार्गानें थेट एंजिनाच्या घशापर्यंत न्यावी लागते. परंतु बाहेरच्या हवेबरोबर पाणीही येतें. भरधाव होडीचा वेग एकाएकीं कमी केला, म्हणजे मागून येणारी तिचीच लाट पिछाडीवर चढते. हवा दबते, पाणी दबत नाहीं. नळकांड्यांत पाणी सांचलें तर दट्ट्याची दांडी वांकते आणि यंत्र जागच्या जागीं ठार होतें.

यावरील तोड सुपांत धान्य पाखडणाऱ्या बाईस चटकन् समजेल. सुपाच्या झटक्यानें हलकें फोल एकीकडे व जड दाणा दुसरीकडे होतो. तसेंच येथें हवेस एकाएकीं वळण घ्यावयास लावतात. हलकी हवा वळते. पाण्याचा थेंब जड, त्यास वळतां येत नाहीं. तो पट्टीवर आदळून खालीं ओघळतो. जपानच्या सुझुकी कारखान्यानें २०१७ मध्यें काढलेल्या ३५० अश्वशक्तीच्या आउटबोर्डांत अशा वांकड्या पट्ट्यांच्या दोन रांगा एकामागें एक बसविल्या, आणि आंत जाणारी हवा बाहेरच्या हवेहून दहा अंशांपेक्षां जास्त तापूं नये अशी व्यवस्था केली.

दुसरी अडचण धुराच्या फुंकणीची. तिच्यावर येणारा धूर कित्येकशें अंश तापलेला असतो. उघड्या जागीं तिचें कवच तापलें तरी चालतें. बंद टोपाखालीं, जवळच इंधनाच्या नळ्या असतां, तें चालत नाहीं. कवचाभोंवतीं पाणी खेळवावें, तर धुराचीच उष्णता हरण होते आणि चक्र फिरविणारी शक्ति कमी पडते. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डांत टर्बोचार्जर क्वचितच दिसतो, त्याचें हें एक मोठें कारण. मर्क्युरीनें २००४ मध्यें ‘व्हेराडो’ हें सहा नळकांड्यांचें, २.६ लिटर घनफळाचें आउटबोर्ड काढलें, तेव्हां पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर पत्करला व त्यामागें पाण्याचें शीतक घातलें. त्यांतून २७५ अश्वशक्ति मिळाली. डिझेलचा धूर पेट्रोलाच्या धुरापेक्षां थंड असतो व इंधनही सहजासहजीं पेट घेत नाहीं. म्हणून ब्रिटनमधील कॉक्स कंपनीनें २०२० मध्यें उत्पादनास घेतलेल्या ३०० अश्वशक्तीच्या डिझेल आउटबोर्डावर दोन टर्बोचार्जर बसवितां आले. ज्या नौदलांस व जीवरक्षक पथकांस जहाजावर पेट्रोल सांठविणें नको असतें, त्यांस असें यंत्र सोयीचें वाटतें.

समुद्र: वैद्य आणि वैरी

तिसरी अडचण खुद्द समुद्राची. आउटबोर्डच्या खालच्या अंगास जाळीदार भोंकें असतात. त्यांतून रबरी पात्यांचा पंप पाणी वर चढवितो. तें एंजिनाभोंवतीं फिरून परत समुद्रांत जातें, आणि त्यांतील एक बारीक धार मागें उडत राहते. ती धार म्हणजे एंजिनाची नाडी. ती मंदावली, कीं शहाणा तांडेल एंजिन बंद करून आधीं जाळी तपासतो. वाळूनें रबरी पातीं झिजतात. पाण्यावांचून पंप फिरला तर तीं थोड्याच वेळांत जळून जातात.

खारें पाणी फार तापलें तर त्यांतील क्षार नळ्यांत बसतात, म्हणून समुद्राच्या पाण्यानें निवणारें एंजिन मोटारीच्या एंजिनापेक्षां थंड ठेवावें लागतें. मिठानें धातु खाल्ली जाते, म्हणून जस्ताचा वा ॲल्युमिनियमचा एक तुकडा मुद्दाम बळी म्हणून लावतात. गंज आधीं त्यास खातो. सर्वांत धोक्याची जागा शीतकाची. तेथें खारें पाणी आणि एंजिनाचा श्वास यांच्यामध्यें नळीची पातळ भिंत तेवढीच असते. ती झिजून छिद्र पडलें, कीं जो समुद्र वैद्य होता तोच घशांत शिरतो.

चौथी अडचण आपल्या किनाऱ्यास विशेष लागू आहे. उत्तरेकडील थंड समुद्रांत शीतकास जें पाणी मिळतें, तें येथें कोठून मिळणार? कोंकणच्या समुद्राचें पाणी बहुतेक वर्षभर २७ ते ३० अंशांच्या दरम्यान असतें. बरें, तेवढें तरी पूर्ण उपयोगास यावें, तर आपली हवा दमट. ३० अंशांच्या, शेंकडा ८० दमटपणाच्या हवेस १.७ पट दाबलें, तर ३५ अंशांखालीं जातांच तिच्यांतून दंव सुटूं लागतें. शीतकाची भिंत त्याहून थंड असते. त्यामुळें समुद्राचा एक थेंबही आंत न येतां हवेंतलेंच पाणी श्वासनलिकेंत ठिबकूं लागतें. म्हणून ‘जितकें थंड तितकें चांगलें’ हा नियम येथें लंगडा पडतो. श्वास किती निववावा यासही मर्यादा आहे, आणि सांचलेलें पाणी निथळून जाण्यास वाट ठेवणें भाग आहे.

मोठी छाती कीं फुंकणी?

या सर्व खटाटोपाचा निष्कर्ष काय निघाला, तें कारखान्यांच्या वर्तनावरून दिसतें. ज्या मर्क्युरीनें २.६ लिटरच्या एंजिनास फुंकणी लाविली होती, तिनेंच २०१८ मध्यें ३०० अश्वशक्तीसाठीं ४.६ लिटरचें, आठ नळकांड्यांचें, फुंकणीवांचून चालणारें आउटबोर्ड काढलें. सुझुकीचें ३५० अश्वशक्तीचें यंत्रही ४.४ लिटरचें असून स्वतःच्याच छातीनें श्वास घेतें. पेट्रोलाच्या बाबतींत मोठ्या छातीनें फुंकणीवर बरीच मात केली. डिझेलास मात्र फुंकणीवांचून गत्यंतर नाहीं, कारण तिच्याशिवाय त्याचें वजन पिछाडीस पेलवत नाहीं.

आपल्याकडील मच्छीमार कुटुंबास अश्वशक्तीच्या आंकड्यापेक्षां दुसरीच गोष्ट महत्त्वाची असते. वारा फिरला असतां, खाडीच्या मुखावर लाटा फुटत असतां, यंत्र बंद पडतां कामा नये. तेथें एंजिनाचा श्वास अडला, तर होडींतील चारसहा माणसांचाही श्वास पणास लागतो. म्हणून जितके भाग थोडे, जितकें यंत्र जवळच्या कारागिरास उघडतां येईल असें, तितकें तें त्यास हितकर. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. हे दोन महिने यंत्र विसांवा घेतें असें आपणांस वाटतें. परंतु नळ्यांत राहिलेलें मीठ विसांवा घेत नाहीं. होडी ओढून ठेवण्यापूर्वीं गोड्या पाण्यानें एंजिन आंतून धुवून काढणें, जाळी साफ करणें, बळीचा तुकडा बदलणें, यांस खर्च थोडा व वेळ अर्धा तास लागतो. परंतु आश्विनांतील एखाद्या वादळी संध्याकाळीं सारीं माणसें घरीं परतणें याच अर्ध्या तासावर अवलंबून असूं शकतें.

शक्ति वाढविण्याचे मार्ग मनुष्याच्या बुद्धीनें शोधले, आणि ते खरोखर कौतुकास्पद आहेत. परंतु घेतलेल्या प्रत्येक जादा श्वासाची किंमत उष्णतेच्या रूपानें चुकवावी लागते, आणि ती उष्णता वाहून नेणारा समुद्र आपलें वेतन धातूंतून वसूल करतो. हा हिशेब ज्यास समजला, त्याचें यंत्र लहान असलें तरी दीर्घायुषी होतें.