चित्रामुळे निर्णय बदलतो तेव्हा

मयूर विहार फेज १ मध्ये घरातून बाजारापर्यंत चालत गेलं, तरी एक्स-रे, अल्ट्रासाउंड, सीटी, एमआरआय अशा पाट्या वाटेत दिसतात. पुण्या-नागपुराहून आईवडील राहायला आले, की आम्हा दिल्लीकर मराठी घरांत हमखास ठरतं : ‘आलाच आहात, तर सगळ्या तपासण्या उरकून घेऊ.’ ही सोय फार मोलाची आहे. पण यंत्र हाताशी असणं आणि त्याचा रुग्णाला उपयोग होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीमुळे उपचाराचा निर्णय बदलला का, या एका कसोटीवर या सगळ्या तंत्राकडे पाहायला हवं.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये विल्हेम राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि कातडीला हात न लावता हाडं दिसू लागली. पण एक्स-रेत सगळे अवयव एकावर एक पडतात आणि कवटीआडचा मेंदू तर जवळपास दिसतच नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू थराथरांत दाखवला. पुढे एमआरआय आला. चुंबक आणि रेडिओलहरी वापरून तो किरणोत्सर्गाशिवाय मेंदू, मणका आणि सांधे बारकाईने दाखवतो. भारतातलं पहिलं एमआरआय यंत्र १९८६ मध्ये दिल्लीतच, तिमारपूरच्या ‘इन्मास’ या संरक्षण संशोधन संस्थेत बसलं. तेव्हा देशात एखाद्याच जागी असलेली सोय आज यमुनापारच्या वसाहतींत पोहोचली आहे.

चित्र निर्णय कसा बदलतं, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं पक्षाघातात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली, तर मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली असेल किंवा फुटलेली असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र अगदी उलट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिलं, तर जीव जाऊ शकतो. काही मिनिटांत होणारा साधा सीटी रक्तस्राव आहे की नाही एवढं सांगतो आणि तेवढ्यावर डॉक्टर पुढचं पाऊल टाकतात. हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी तुंबली असेल, तर तारेने गुठळी बाहेर काढता येते. मेंदूचा किती भाग अजून वाचवता येईल हे स्कॅनवर पाहून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही हा उपचार करतात. मोठ्या पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून लक्षण दिसताच चोवीस तास सीटीची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. आपल्या घराजवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आजच माहीत करून ठेवावं.

कर्करोगात प्रश्न वेगळा असतो : रोग कुठवर पसरला आहे? पेट-सीटीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. भुकेल्या गाठी ती जास्त शोषतात आणि चित्रात उजळतात. या फ्लोरिनचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं असल्याने ते जवळपासच बनवावं लागतं. मुंबईत परळला २००२ मध्ये ते बनवणारा सायक्लोट्रॉन आला आणि भारतात ही तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संशयित रुग्णांपैकी फक्त नेहमीच्या तपासण्या झालेल्या गटात ४१ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया निष्फळ ठरली होती. पेटची जोड दिल्यावर हे प्रमाण २१ टक्क्यांवर आलं. दर पाच रुग्णांमागे एकाची छाती व्यर्थ उघडणं टळलं.

साधा एक्स-रेही मागे पडलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात एक्स-रे नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. त्यांच्यात ठळक लक्षणंच नव्हती. राज्यांमध्ये क्षयाचं प्रमाण सर्वाधिक आढळलं ते दिल्लीत. मयूर विहारच्या शेजारी दाट वस्तीची त्रिलोकपुरी आहे. अशा वस्त्यांत दारापर्यंत पोहोचणारं छोटं एक्स-रे यंत्र महागड्या स्कॅनपेक्षा जास्त जीव वाचवू शकतं.

मात्र हीच यंत्रं चुकीच्या कारणासाठी वापरली, तर माणूस नाहक रुग्ण होतो. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या मणक्याच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र तपासले गेले. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली चकती दिसली. म्हणजे ‘डिस्क बल्ज’ हे रिपोर्टमधले शब्द एकट्याने शस्त्रक्रियेचं कारण होत नाहीत. दक्षिण कोरियात सरसकट गळ्याचं अल्ट्रासाउंड सुरू झालं आणि २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच राहिलं. हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या, अनेकांना आयुष्यभराची गोळी लागली. शिवाय पोटाच्या एका सीटीत निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा किरणोत्सर्ग अंगावर येतो. गरज असेल तेव्हा तो निःशंक घ्यावा, हौसेखातर नको.

गर्भलिंगनिदानाने तर अल्ट्रासाउंडच्या यंत्राला मुलींच्या जिवावर उठवलं. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. यंत्र कोणत्या प्रश्नासाठी वापरायचं, हे समाजालाही ठरवावं लागतं, याचा हा धडा आहे.

म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, की नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत : ‘यात काय शोधायचं आहे? ते सापडलं किंवा नाही सापडलं, तर उपचारात काय बदलेल?’ जुन्या फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवावेत आणि बरोबर न्यावेत. दोन वर्षांपूर्वीची गाठ तेवढीच आहे हे कळलं, तर कधी कधी सुईची तपासणीही टळते. रेडिऑलॉजिस्टला त्रास कुठे आणि कधीपासून आहे हे सविस्तर सांगावं. कारण चित्र वाचणाऱ्याला माणसाची हकिगत ठाऊक असेल, तरच त्या काळ्या-पांढऱ्या छटांचा खरा अर्थ लागतो, आणि योग्य उपचार तिथूनच सुरू होतो.