व्हाइट वाइन? घाई नाही, बॉस!

नाशिकची सॉव्हिन्याँ ब्लां आणली, फ्रिजमध्ये टाकली, शनिवारी रात्री संपली. व्हाइट वाइनचा आपला हिशेब इतका सोपा. व्हाइट म्हणजे ताजी ताजी प्यायची, मुरवायची ती रेड, असंच आपण धरून चालतो. पण फ्रान्समधल्या एका कुटुंबाची व्हाइट वाइन बाजारात यायलाच पाच-सहा वर्षं लागतात. आणि जाणकार ती घरी नेऊन आणखी दहा वर्षं उघडत नाहीत!

हे कुटुंब ट्रिम्बाख. प्रांत अल्सास, गाव रीबोविले. वाइनचा धंदा 1626 पासून, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही चार वर्षं आधीपासून. 1871 ते 1945 या काळात अल्सास चार वेळा जर्मनी आणि फ्रान्समध्ये इकडून तिकडे गेला, पण धंदा घरातच राहिला. 12व्या पिढीतल्या पिएर यांनी तळघर सांभाळलं, भाऊ जाँ यांनी जगभरची विक्री. आता 13वी पिढीही कामाला लागली आहे.

कैरीची करामत

द्राक्ष रिसलिंग. त्यात आंबटपणा भरपूर, आणि व्हाइट वाइनला दीर्घायुष्य मिळतं ते मुख्यतः त्याच्याच जोरावर. अनेक वाइनमेकर कैरीसारखं हे तीक्ष्ण आम्ल बॅक्टेरियाच्या मदतीने सौम्य करून घेतात. ट्रिम्बाख ते होऊ देत नाहीत. नव्या ओकचा वासही लागू देत नाहीत. मधल्या काळात अल्सासमधल्या अनेकांच्या रिसलिंगमध्ये गोडवा वाढत गेला. गोड वाइन पहिल्याच घोटात आवडते, त्यामुळे विकायलाही सोपी. तरी हे आपले ड्राय स्टाइलवरच ठाम!

दगडाची चव?

त्यांची सगळ्यात नावाजलेली वाइन म्हणजे क्लो सांत युन. द्राक्षं शेजारच्या ह्युनाविर गावातल्या फक्त 1.67 हेक्टरच्या, म्हणजे जेमतेम चार एकरांच्या तुकड्यातली. तिथली जमीन शिंपल्यांच्या चुनखडकाची. पश्चिमेला व्होज पर्वत पाऊस अडवतो, त्यामुळे हा पर्जन्यछायेचा प्रदेश. सह्याद्रीपल्याडचा आपला दुष्काळी पट्टा आठवा, लगेच कळेल.

ही वाइन ‘मिनरल’ म्हणून ओळखली जाते. ओल्या दगडासारखी, खडूसारखी, किंचित खारट. पण खडक विरघळून ग्लासात येत नाही. भूगर्भतज्ज्ञांच्या मते दगडातली खनिजं अशी थेट जिभेला कळत नाहीत. मातीत पाणी किती टिकतं, द्राक्ष कसं पिकतं आणि आम्ल किती उरतं, या सगळ्याच्या मिळून झालेल्या परिणामाला आपण ‘मिनरल’ म्हणतो.

बाटलीत अडकलेला पैसा

वर्षाला दहा हजार बाटल्यासुद्धा निघत नाहीत. त्याही वर्षानुवर्षं तळघरात आडव्या पडून. दर क्वार्टरला टार्गेट गाठणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकूनच घाम फुटेल! पैसा अडकतो, मधली वर्षं दुसऱ्या वाइन्सवर घर चालवावं लागतं. म्हणूनच अशी वाइन तीन महिन्यांनी हिशेब मागणाऱ्या कंपनीपेक्षा कुटुंबाला जास्त झेपते.

वर तोरा बघा. हा तुकडा ज्या रोझाकेर मळ्यात आहे, त्याला ‘ग्रां क्रू’चा अधिकृत मान आहे. पण 26 हेक्टरांचा तो शिक्का यांनी लेबलवर मिरवला नाही. 1919 पासून बाटलीवर क्लो सांत युन हेच नाव, आणि ते पुरतं.

थांबल्याचं फळ काय? तरुणपणी लिंबू आणि हिरवं सफरचंद. पंधरा वर्षांनी मध, भाजलेला पाव आणि चक्क रॉकेलची झुळूक! दचकू नका. मुरलेल्या रिसलिंगची ती ओळखच आहे.

ट्राय करायचीय?

* क्लो सांत युन खिशाला जड. सुरुवात ट्रिम्बाखच्या साध्या रिसलिंगपासून करा. प्रमोशन मिळालं की ‘फ्रेडरिक एमिल’.
* बर्फगार नको. 10 ते 12 अंश ठीक.
* सोबत तळलेलं पापलेट. वरून लिंबू पिळायची गरज नाही, ते काम वाइन करते.
* मुरवायची तर अंधार आणि कायम गारवा हवा. मुंबईच्या उकाड्यात किचनच्या कपाटात ठेवणार असाल, तर त्यापेक्षा याच शनिवारी उघडा!