कचेरीतला परकेपणा आणि कॅमेरा

पूर आला, मिरवणूक निघाली, लग्न लागले, की छायाचित्रकाराचे काम सोपे असते. डोळ्यांसमोर काही तरी घडते आणि कॅमेरा ते टिपतो. पण मोठ्या कंपनीच्या कचेरीत काय घडते? माणसे खुर्चीत बसतात, कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातात, संध्याकाळी दिवे मालवतात. मात्र तिथे बसणाऱ्या कित्येकांना आतून परके वाटत असते. आपण कुठे आहोत, कशासाठी आहोत, हेच उमगेनासे होते. न दिसणाऱ्या या गोष्टीचे चित्र काढायचे तरी कसे?

आधी इमारतीचे पहा. जुन्या कचेरीचे खिडकीवाचून चालत नसे. उजेड आणि वारा तिथूनच यायचा, म्हणून माणसाला खिडकीपासून फार दूर बसवता येत नसे. १९३८ साली अमेरिकेत नळीचे दिवे बाजारात आले, पुढे वातानुकूलन सर्रास झाले, आणि मजला हवा तेवढा खोल बांधता येऊ लागला. मधे बसणाऱ्याला ऊन कळेना, पाऊस कळेना. त्यात आठवा मजला जसा तसाच अठरावा. लिफ्टमधून बाहेर पडलेला माणूस क्षणभर बावचळतो, यात त्याचा काय दोष?

पुढे आडोसे आले. रॉबर्ट प्रॉप्स्ट या अमेरिकन संशोधकाने हर्मन मिलर कंपनीसाठी हलवता येणाऱ्या आडोशांची रचना केली. ती १९६८ साली विक्रीस आली. हेतू चांगला होता. ज्याने त्याने कामाप्रमाणे जागा मांडावी, थोडा एकांत मिळावा. कंपन्यांनी त्यात जागेची बचत तेवढी पाहिली आणि आडोशांची खुराडी केली. उतारवयात खुद्द प्रॉप्स्टनेच या प्रकाराला वेडेपणा म्हटले.

आता छायाचित्रकारांकडे वळू. चॉन्सी हेअर हा पेशाने इंजिनिअर. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे स्टँडर्ड ऑइल कंपनीत त्याने वीसेक वर्षे नोकरी केली. १९७०च्या दशकात त्याने आपल्याच कामाच्या जागेकडे आणि सहकाऱ्यांकडे कॅमेरा वळवला. मोठा, तिपाईवरचा कॅमेरा आणि पुष्कळ रुंद दिसेल अशी भिंग. त्यामुळे माणूस एकटा येत नाही. त्याच्याबरोबर टेबल, भिंत, छत सारे येते, आणि त्या पसाऱ्यात तो किती लहान झाला आहे हे आपोआप दिसते. ‘धिस वॉज कॉर्पोरेट अमेरिका’ हे त्याचे पुस्तक १९८४ साली निघाले.

दुसरा लार्श टुनब्यर्क, स्वीडनचा. १९९०च्या दशकात तो स्टॉकहोम, न्यूयॉर्क आणि टोकियो येथील कचेऱ्यांतून हिंडला. ‘ऑफिस’ हे त्याचे पुस्तक २००१ साली आले. त्याची चित्रे रंगीत, फ्लॅशच्या लख्ख उजेडातली. तारांचा गुंता, कागदांचे ढीग, आडोशामागे अर्धवट दिसणारा माणूस. चित्राखाली माणसाचे नाव नाही. कचेरी कसली, शहर कोणते, साल कोणते, एवढेच. शहराचे नाव झाकले तर ती कचेरी टोकियोची की न्यूयॉर्कची, हे सांगणे कठीण. दिशा हरवणे म्हणतात ते हेच.

तुम्ही म्हणाल, ही तर माणसांची टिंगल झाली. शंका रास्त आहे. पेंगणाऱ्या कारकुनाचा चेहरा जवळून टिपला की पाहणारा कारकुनाला हसतो. तोच कारकून दोन पावले मागे सरून, खिडकी नसलेल्या भिंतीसह टिपला, की पाहणारा विचारू लागतो, याला इथे बसवला कोणी? म्हणून अशा चित्रात छायाचित्रकार कुठे उभा राहिला याला फार महत्त्व आहे. छत चित्रात येते का? बाहेरचा उजेड कुठे दिसतो का? माणसाने स्वतःची म्हणून एखादी वस्तू, मुलाचा फोटो, पाण्याची बाटली, जवळ ठेवली आहे का? त्या वस्तूत माणूस अजून शिल्लक असतो.

हेअरने तर याहून पुढचा विचार केला. अशी चित्रे सुंदर म्हणून वाखाणली गेली आणि एखाद्या बड्या कंपनीच्याच दिवाणखान्यात शोभेसाठी लागली, तर? बड्या कंपन्यांच्या कष्टकऱ्यांवरील वाढत्या सत्तेचा निषेध म्हणून ही चित्रे काढली आहेत, हे निवेदन चित्रांसोबत असलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पुढे त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि कामाच्या ठिकाणी मन पोळलेल्या माणसांना आधार देणारा समुपदेशक झाला. २०१९ साली तो वारला.

तुमच्यापैकी कोणी वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा हिंजवडीत कामाला असेल. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. शेजाऱ्याला विचारून, त्याच्या संमतीने, एकदा त्याचे चित्र काढून पहा. मात्र दोन पावले मागे सरून. त्याला जो परकेपणा आपल्या स्वभावाचा दोष वाटत होता, त्यातला बराचसा त्या भिंतींचा आणि दिव्यांचा आहे, हे कदाचित त्यालाही त्या चित्रात दिसेल.