कुत्रीच्या गर्भपिशवीत पू झाला तर

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या एकीची राखणीची कुत्री सारखं पाणी पिऊ लागली, भाकरीला तोंड लावेना. उन्हामुळं असेल म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. पण तिच्या गर्भपिशवीत पू झाला होता.

माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत, जास्त करून वयस्कर कुत्रीला हे होतं. मागून पू गेला तर कळतं. पिशवीचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो, पोट फुगतं. तो धोका मोठा.

डॉक्टरांनी भूल देऊन पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घातली. बाराव्या दिवशी टाके निघाले. कुत्री वाचली.

धडधाकट असतानाच नसबंदी केली असती, तर ही वेळ आली नसती.