बाराव्या हिश्श्याची ईद

जकार्ताहून गावाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगा २०२५ च्या ईदेआधी सगळ्यांनी पाहिल्या. त्या ईदला साडेचौदा कोटींहून अधिक लोक प्रवासाला निघतील, असा इंडोनेशियाच्या वाहतूक खात्याचा अंदाज होता. म्हणजे निम्म्याहून जास्त देश. जावा बेटावर चिकाम्पेकपासून सेमारांगपर्यंतचा जवळपास साडेतीनशे किलोमीटरचा टोल रस्ता गर्दीच्या वेळी एकाच दिशेने सोडला जातो. गणपतीला निघालेला चाकरमानी ज्याने पाहिलाय, त्याला यापुढचं वर्णन नको. पण आपल्या चाकरमान्याची रजा आणि खर्च ही ज्याची त्याची भानगड. तिथे मात्र लेबारानच्या, म्हणजे रमजान ईदच्या, सामूहिक सुट्ट्या सरकार जाहीर करतं आणि खिशातल्या पैशांची तजवीज कायदा करतो.

चंद्राचा निकालही सरकार दरबारीच लागतो. धर्मखात्याच्या बैठकीत खगोलगणित आणि जागोजागचे चंद्रदर्शनाचे अहवाल समोर ठेवून ईद ठरते. मुहम्मदियासारखी बलाढ्य संघटना आपल्या गणिताने चालते, त्यामुळे कधी कधी देशात ईद दोन वेगळ्या दिवशी होते. २०११ मध्ये छापील कॅलेंडरांवर ३० ऑगस्ट लाल होता, सरकारने ऐनवेळी ३१ ठरवला आणि घरोघरी शिजलेलं जेवण एक दिवस ताटकळलं. २०२५ मध्ये दोघांचीही ईद ३१ मार्चलाच आली. गंमत अशी की, चंद्र शोधायची संध्याकाळ नेमकी बालीतल्या हिंदूंच्या न्येपीची, मौनाच्या दिवसाची निघाली. त्या दिवशी तिथे विमानतळही बंद असतो. मग चंद्र पाहणाऱ्यांच्या यादीतून बाली वगळलं गेलं. कुणी आकांडतांडव केलं नाही.

घरातला सण नारळाच्या कोवळ्या पात्यांनी सुरू होतो. पात्यांची चौकटीदार पुडी विणायची, ती निम्मी तांदळाने भरायची आणि चार-पाच तास उकळायची. तांदूळ फुगून घट्ट वडीसारखा होतो. तो कापून नारळाच्या दुधातल्या कोंबडीच्या रश्श्याबरोबर खायचा. हा केतुपात. जावात धाकटी मंडळी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून, त्यांच्या मांडीशी डोकं नेऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. मुलांच्या हाती कोऱ्या नोटांची पाकिटं पडतात. त्यासाठी मध्यवर्ती बँक ईदेआधी नव्या नोटा बदलून द्यायची सोय करते, आणि ज्यांना रांगेत उभं राहायचं नसतं त्यांना रस्त्याकडेचे विक्रेते थोडं कमिशन कापून करकरीत गड्ड्या देतात.

हा पैसा येतो कुठून, हे मला या सणातलं सर्वांत रंजक प्रकरण वाटतं. १९५१ मध्ये मशुमी या इस्लामी पक्षाचे सुकिमान पंतप्रधान होते. त्यांनी सरकारी नोकरांना ईदेआधी रक्कम देण्याची प्रथा पाडली. कारखान्यातले कामगार म्हणाले, आणि आम्ही? पुढच्याच वर्षी त्यांनी आंदोलन उभारलं. त्यात डाव्या कामगार संघटना आघाडीवर होत्या. १९५४ मध्ये मजूर खात्याचं पत्रक निघालं : वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा द्यावा. ‘द्यावा’चं ‘दिलाच पाहिजे’ व्हायला आणखी काही वर्षं गेली. सुरुवात इस्लामी पक्षाने केली आणि हक्क मिळवला तो लाल झेंड्याने! आजच्या नियमानुसार वर्षभर काम केलेल्याला पूर्ण महिन्याचा पगार सणाच्या किमान सात दिवस आधी द्यावा लागतो. आणि सण ज्याचा त्याचा : ख्रिश्चनाला नाताळ, हिंदूला न्येपी, बौद्धाला वैशाख पौर्णिमा.

बारावा हिस्सा म्हणजे ८.३३ टक्के. आपल्या बोनसच्या कायद्यातला किमान आकडाही हाच. फक्त आपला बोनस कंपनीच्या हिशेबवर्षाला बांधलेला. दिवाळीला हाती पडतो तो रिवाजाने.

म्हणून ‘इंडोनेशियाचा इस्लाम मुळातच सौम्य’ हे ठरावीक वाक्य मला पुरेसं वाटत नाही. ईद तिथे राष्ट्रीय सण झाली ती स्वभावाच्या गोडव्यावर नव्हे. रजा, रस्ता आणि रक्कम यांची व्यवस्था लागली, आणि रक्कम तर भांडून मिळवावी लागली.

ते भांडण संपलेलंही नाही. अ‍ॅपवर दुचाकी चालवणारे कंपन्यांच्या लेखी ‘भागीदार’, कामगार नव्हेत. २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष प्रबोवोंनी त्यांनाही ईदेचा बोनस द्या, असं कंपन्यांना सांगितलं. कित्येकांच्या खात्यात जमा झाले पन्नास हजार रुपिया, आपले जेमतेम अडीचशे रुपये. आपण यावर हसू नये. दिवाळीत आपल्या दारी मिठाईचा डबा आणून देणारा अ‍ॅपवाला पोरगा बोनसच्या कायद्यात बसतच नाही.