बांधावरचें पाणी आणि शेजारधर्म

शेतकऱ्याच्या संसारांत पाण्याचे तंटे दोन प्रकारचे असतात. एक पाणी न मिळाल्याचा आणि दुसरा तें नको तेथें आल्याचा. पहिल्या प्रकारासाठीं आपला मराठवाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. इ. स. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोण विसरेल? परंतु त्याच लातूर व नांदेड जिल्ह्यांत पावसाळा भरांत आला म्हणजे दुसऱ्या प्रकारचे तंटे डोकें वर काढतात. वरच्या शेतांतील पाणी खालच्या शेतांत शिरतें. खालचा शेतकरी आपला बांध उंच करतो. पाणी मागें तुंबतें. आणि पिढ्यान्‌पिढ्या एका विहिरीचें पाणी प्यालेलीं दोन घरें कचेरीच्या पायऱ्या चढूं लागतात. या तंट्यांचें मूळ काय व कायदा त्यांविषयीं काय सांगतो, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेणें हितावह आहे.

प्रथम जमिनीचा स्वभाव पाहूं. बालाघाटाच्या रांगा अहमदपूर, उदगीर, कंधार, मुखेड या भागांतून गेल्या आहेत. वर मुरमाड माळ आणि खालीं नदीनाल्यांच्या कांठीं काळी जमीन, अशी रचना तेथें पुष्कळ ठिकाणीं आढळते. उन्हाळ्यांत काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात व पहिल्या सरी त्यांत मुरून जातात. मात्र भिजल्यावर ही माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचें पाणी आंत न शिरतां उताराकडे धावूं लागतें. तें अडून राहिलें तर वाफसा होत नाहीं, मुळांना हवा मिळत नाहीं, आणि तूर, कापूस, सोयाबीन यांसारखीं पिकें पिवळीं पडून माना टाकतात. उलट तें एकवटून जोरानें सुटलें, तर सुपीक मातीचा थर घेऊन जातें. म्हणून असल्या भांडणांत प्रश्न केवळ मानापमानाचा नसतो. वर्षाच्या भाकरीचा असतो.

आतां कायद्याकडे वळूं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम हा इ. स. १८८२ चा आहे. त्याच्या सातव्या कलमांत जमीनमालकांचे नैसर्गिक हक्क उदाहरणें देऊन सांगितले आहेत. वरच्या जमिनींत आपोआप उद्भवलेलें किंवा तिच्यावर पडलेलें, आणि ठराविक पात्रांतून न वाहणारें पाणी नैसर्गिक रीतीनें खालीं उतरूं देणें, हें खालच्या मालकास भाग आहे. या हक्कासाठीं करारपत्र नको, कीं वीस वर्षांची वहिवाट नको. तो उताराबरोबरच येतो. “माझ्या शेतांत मी हवा तेवढा उंच बांध घालीन,” असें खालच्या मालकास म्हणतां येत नाहीं, तें यामुळेंच.

परंतु वरच्या मालकानें एवढ्यावर हर्ष मानूं नये. ‘नैसर्गिक’ या एका शब्दांत त्याच्यावरील बंधन सामावलेलें आहे. समजा, त्याच्या शेताचें पाणी पूर्वीं सबंध बांधावरून पातळ पसरून उतरत असे. त्यानें चर खोदून तें सर्व एका कोपऱ्यांत आणिलें आणि शेजाऱ्याच्या शेतांत घळ पाडिली, तर तें पाणी नैसर्गिक रीतीनें आलें असें म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या उताराचें पाणी इकडे वळविणें हेंही तसेंच होय.

हा विचार आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. प्राचीन रोमच्या बारा फलकांच्या कायद्यांतही पावसाच्या पाण्यापासून होणाऱ्या उपद्रवाचा विचार केलेला होता. फ्रान्सच्या इ. स. १८०४ च्या दिवाणी संहितेनें दोन्ही बाजू एकाच कलमांत मांडिल्या: खालच्यानें पाणी अडवूं नये, आणि वरच्यानें त्याचा भार वाढवूं नये.

अडविलेलें पाणी मोकळें कसें करावें? इ. स. १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम त्यासाठीं उपयोगी पडतो. तो झाला तेव्हां मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. आज तो येथेंही लागूं आहे. शेतजमिनीवरील पाण्याचा शेजारच्या जमिनीकडे जाणारा नैसर्गिक ओघ कोणी बेकायदेशीर अडथळा घालून रोखला, व त्यामुळें जमिनीचें अगर पिकाचें नुकसान झालें किंवा होण्यासारखें असलें, तर तो अडथळा काढविण्याचा अधिकार मामलतदारास, म्हणजे आजच्या तहसीलदारास आहे. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा लावावा लागतो. “सुगी होऊं द्या, मग पाहूं,” असें म्हणत बसणाऱ्याची मुदत हातची निघून जाते. तहसीलदाराचा निकाल हा हक्काचा अखेरचा निर्णय नव्हे. त्यासाठीं दिवाणी न्यायालय आहे, आणि तेथें वर्षांमागून वर्षें जातात.

तेव्हां शहाण्यानें काय करावें? भर पावसांत दोन्ही शेजाऱ्यांनीं बरोबर बांधावर जावें व पाणी कोठून येतें आणि कोठें जातें तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. जुनी ओघळ बुजवूं नये. बांधाला योग्य ठिकाणीं दगडांचा सांडवा ठेवावा, म्हणजे पाणी जातें आणि माती राहते. जरूर तर दोघांच्या खर्चानें सामाईक चर काढून ती नाल्यास मिळवावी, आणि ठरलें तें लिहून चार जाणत्यांच्या सह्या घ्याव्या, म्हणजे पुढच्या पिढीला वाद उकरून काढण्यास जागा राहणार नाहीं.

शेजाऱ्याची मेर सरकविणें हें जुन्या करारांत मोठें पाप मानिलें आहे. पाण्याचा ओघ सरकविणें हेंही त्याहून फारसें निराळें नाहीं. आज वर्गांत बसलेल्या मुलांच्या नांवावर उद्यां सातबारा चढेल. त्यांनीं बांधाबरोबर शेजारही सांभाळावा, एवढीच इच्छा आहे.