शेर, वाटी आणि किलो

आमच्या घाटकोपरच्या घरी आईची पाककृतींची वही आहे. तिच्यात रव्याच्या लाडवांपुढे एवढेच लिहिले आहे : 'रवा पावशेर, साखर पावशेर, तूप अदपाव. पाक एकतारी.' आई गेल्यानंतरच्या दिवाळीत आम्ही त्या बरहुकूम, म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे, एक वाटी रवा आणि एक वाटी साखर घेऊन लाडू केले. ते गोडमिट्ट तर झालेच, परंतु सकाळी शेजारच्या गुजराती मासींनी ते बत्त्याने फोडून खाल्ले, यावरून काय ते समजावे.

वहीत चूक नव्हती. चूक आमच्या वाटीत होती. पावशेर हे येथे वजन आहे आणि वाटी हे माप. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावते, साखर सुमारे १७०, रवा मात्र १३० ते १४०. म्हणजे समभाग म्हणून आम्ही रव्याच्या जवळजवळ सव्वापट साखर घातली होती. कणकेची गोष्ट याहून अवघड. चाळून सैल भरली तर वाटीत ११० ग्रॅमच्या आसपास बसते, दाबून भरली तर तीच १३० च्या वर जाते.

जुन्या मंडळींचा घोटाळा कसा होत नसे? खरे तर त्यांच्याकडे घोटाळ्याला जागा अधिक होती, कारण 'शेर' हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही. धान्य मापी शेराने मोजत. चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे. त्यातही माप सपाट की शिगेचे, हा प्रश्न असेच. तूप-साखर मात्र तराजूत. वजनी शेर ८० तोळ्यांचा धरला तर ९३३ ग्रॅमचा होतो; पण मुंबईचा जुना शेर २८ तोळ्यांचाच होता! १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, शेर गेला. 'पावशेर' मात्र बाजारात राहिला आणि २३३ ग्रॅमचा २५० ग्रॅम झाला. सारे जिन्नस वजनीच असतील तर त्याने काही बिघडत नाही, कारण प्रमाण तेच राहते.

आता उपाय. घरात काटा नसला तरी अडत नाही. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी आपल्या वाटीने मोजावी. अडीच वाट्या भरल्या तर वाटी २०० मिलिलिटरची. मग साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा फोडून तीच वाटी सपाट भरत जावे. जेमतेम तीन वाट्या होतील. रव्याच्या पावणेचारच्या जवळपास. जिन्नस बदलला की आकडा बदलतो, म्हणून प्रत्येकाचा एकदा लिहून ठेवावा. पिठीसाखर आणि दाणेदार साखर हे यासाठी दोन जिन्नस समजावेत. परदेशी गेलेल्या मुलींनी तिकडचा 'कप' आपली वाटी समजू नये. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो.

भाताला मात्र यातले काही नको. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. दोन्ही एकाच मापाने घेतले की वाटी लहान असो वा मोठी, भात होतो. लोणच्याचे मीठ तसे नाही. जाडे मीठ आणि बारीक मीठ यांची एकेक वाटी सारख्या वजनाची नसते, आणि मीठ कमी पडले की लोणचे नासते. ते वजनानेच घ्यावे.

आईच्या वहीत आम्ही आता समासात पेन्सिलीने ग्रॅम लिहितो आहोत. शाईच्या अक्षरांना हात लावलेला नाही. 'फोडणीला हिंग दोन बोटे' येथवर आलो आहोत, आणि तेथे अडलो आहोत.